मागून घेतलेला घाव

१

"गौरेशागेर आयतवारी दुपारी दार लावन घेतत आणि भितर पोरांक मारतत. मारता कोण म्हायत आसा? तो—"

एवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, पालयेचा थांबा आला, आणि बोलणारी गंगा मासेवाली आपली रिकामी पाटी डोक्यावर घेऊन उतरून गेली. तिच्याबरोबरची बाईही उतरली. म्हापशाहून केरीला चाललेल्या शुक्रवारच्या बसमध्ये मागच्या सीटवर कमलाक्षी तेवढी राहिली, मांडीवर बाजाराच्या दोन पिशव्या आणि कानात अर्धं वाक्य घेऊन.

तिलाही उतरावंसं वाटलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट अर्धी राहिली की कमलाक्षीला घास गोड लागत नसे, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या सुनेने माहेरी फोन लावला, हे तिला आधी कळायचं आणि मग त्या घरच्यांना. पण तिचं वाईट कोणी बोलत नसे, कारण कोणाकडे ताप असला तर पेजेचं भांडंही तिच्याच घरून आधी पोचायचं.

आता तर गोष्ट शेजारच्या भिंतीची होती. गौरेशचं घर तिच्या घराला लागून, मध्ये एक माड आणि दोन हात जागा. आणि दर आयतवारी जेवण झालं की तिचा परेश त्याच घरी जायचा.

परेशला तारवावर जायचं होतं. बोटीच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली होती, कागद आले होते, अठरा दिवसांनी मंगळवारी मुंबईत कंपनीच्या डॉक्टरसमोर उभं राहायचं होतं. तो डॉक्टर डोळे बघतो, दात बघतो, पायऱ्या चढायला लावतो. अंगात कसलं उणं दिसलं की परत पाठवतो, दुसरी संधी नाही. नवरा गेल्यापासून कमलाक्षीने ह्या एका दिवसाकडे डोळे लावले होते. ह्या अठरा दिवसांत पोराला साधा काटा लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

"मारतत," असं गंगा म्हणाली होती. कमलाक्षीने पिशव्या घट्ट धरल्या.

२

आयतवारी ती न्हाणीत कपडे धुवायला बसली. कपडे शनिवारीच धुऊन झाले होते. दोन स्वच्छ चादरी पुन्हा भिजवल्या, कारण न्हाणीच्या खिडकीतून गौरेशच्या बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं.

आत खेळ होता हे तिला माहीत होतं. परेशने तिला एकदा समजावलं होतं. नाटकासारखं असतं, पण संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. प्रत्येकाने आपलं एक सोंग घ्यायचं, कोणी शिपाई, कोणी चोर. गौरेश गोष्ट सांगतो, आणि सोंगाचं पुढे काय होणार ते फासा ठरवतो. फासाही आपल्या सारीपाटासारखा नव्हे, वीस तोंडांचा. टेबलाभोवती चौघं असायची. गोष्ट सांगणारा गौरेश, परेश, गौरेशची चुलतबहीण सिद्धी, जी शाळेत शिकवते, आणि सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या दुरुस्तीचं काम करणारा प्रशांत, जो मोटरसायकलवरून एवढ्या लांब यायचा.

गौरेशला त्या खेळाची एकच गोष्ट पटत नसे, असं परेश म्हणाला होता. पुस्तकातल्या नियमांप्रमाणे सोंगाच्या पोटात तलवार गेली तरी ते रात्रभर निजलं की सकाळी ताजंतवानं. असं कुठे असतं का? माझ्या घरात खेळायचं तर खऱ्यासारखं, म्हणून त्याने घावांचे घरचे नियम केले होते. कुठल्या हाडाला किती दिवस, कुठल्या घावाने कायमचं लंगडणं.

आणि दर बैठकीला म्हणायचा तसे तो आताही ते नियम गाऱ्हाणं घातल्यासारखे म्हणत होता. देवळात घालतात तसंच, त्याच सुरात.

"बा म्हाराजा, हय जो कोण ऐकता आसात त्या म्हाराजा... आज ही पोरां हय खेळाक बसली आसत..."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

कमलाक्षीच्या हातातली चादर थांबली. गाऱ्हाण्यात देवाचं नाव घेतात. ह्या पोराने नाव घेतलं नव्हतं. थट्टेत देवाला ओढायचं त्याच्या जिवावर आलं असणार, घरचे संस्कार चांगले होते. म्हणून त्याने नाव गाळलं आणि जागा मोकळी ठेवली.

"ज्याका घाव लागात त्यानाच तो भोगूचो... निजान उठलो म्हणान बरो जावचो नाय..."

"व्हय म्हाराजा."

"घाव कोणी मागून घेतलो तर देवचो. मागतल्यान आपलो फासो टाकूचो, पडात ता घेवचा..."

"व्हय म्हाराजा," कमलाक्षी म्हणाली.

तोंडातून कसं निघालं तिलाच कळलं नाही. चाळीस वर्षं देवळाच्या अंगणात उभं राहून गाऱ्हाण्याला हुंकार दिलेला. त्या सुराला उत्तर द्यायचं असतं, एवढंच जिभेला माहीत होतं. साबणाचा हात तिने तोंडावर दाबला.

पलीकडे खुर्ची करकरली. मग सिद्धी म्हणाली की मागनं कोणीतरी बोललं. गौरेश म्हणाला, बरं झालं, आपण पाच झालो. सगळे ओढूनताणून हसले आणि फासा टेबलावर गडगडला.

त्यानंतरचा आवाज कमलाक्षीने ओळखला, आणि ओळखला म्हणूनच तिला पटेना. माडाच्या सुक्या झावळीचा दांडा गुडघ्यावर घेऊन मोडावा, तसा. त्यामागून किंकाळी यायला हवी होती. आली ती फक्त लांब ओढलेली फूं, गरम चहावर घालावी तशी.

पाच वाजता प्रशांत बाहेर आला तेव्हा त्याने उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला होता. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. मोटरसायकल तिथेच सोडून तो सिद्धीच्या स्कूटरवर मागे बसून गेला.

३

प्रशांत मोटरसायकलवरून घसरला, असं सोमवारी परेशने सांगितलं. मोटरसायकल तर अजून माडाखाली उभी होती. कमलाक्षीने दोनदा तिच्याभोवती फेरी मारली. कुठे ओरखडा नव्हता, आरसेही शाबूत होते.

तिने मनाला समजावलं. तरणी पोरं, पंजा लढवायला गेली असतील. जोर जास्त झाला असेल, आता लाजेने सांगत नसतील.

दुपारी तिने खतखत्याच्या भाजीचा डबा भरला आणि गौरेशकडे गेली. गौरेश एकटाच राहायचा, आईवडील डिचोलीला. डबा बघून त्याला आनंद झाला, पण उठताना तो एका बाजूला वाकला आणि बरगडीवर हात ठेवूनच सरळ झाला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, जुनं दुखणं.

भिंतीवर नियमांचा कागद चिकटवला होता. मनगट मोडले, बेचाळीस दिवस. बरगडी मोडली, तीस दिवस, खोकताना कळ. भाल्याचा घाव, पुढच्या बैठकीला फासा, पाचाच्या खाली पडला तर घाव कुजला. नियम शाळेतल्या फळ्यासारख्या सुंदर अक्षरात होते.

टेबलावर सोंगांचे कागद ठेवले होते. चार असायला हवेत, गोष्ट सांगणाराही आपलं एक सोंग ठेवत असे. कमलाक्षीने मोजले. पाच. पाचवा कोरा होता, फक्त वर नावाच्या जागी तिचं नाव लिहिलं होतं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. वाड्यावर तिला सगळे कमळाकाकीच म्हणतात. पूर्ण नाव तिला स्वतःला रेशनकार्डावर बघावं लागतं.

"ह्यां कोणी लिवलां रे?"

गौरेशने कागद उचलला आणि उलटून पाठची बाजू बघितली. सिद्धीने गंमत केली असेल, असं तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "काकी, आयतवारी तुमी आवाज दिल्यात काय?"

तिने नाही म्हटलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, ऐकायची होती.

४

पुढच्या आयतवारी तिने परेशला जाऊ नको म्हणून सांगितलं. आधी प्रेमाने, मग शपथ घालून. परेश हसला. म्हणाला, आई, मुंबईला गेल्यावर कोण बसतंय खेळायला? शेवटचे दोन आयतवार. पण दारापर्यंत गेला आणि तिथेच जरा थांबला, जावंसं वाटत नसल्यासारखा. मग गेला.

ती न्हाणीत उभी राहिली. आज कपड्यांचं निमित्तही केलं नाही.

गौरेशचा आवाज सपाट होता. बसचे थांबे वाचून दाखवावेत तसा तो गोष्ट सांगत होता. नदीच्या काठाला चार शिपाई. एकाच्या हातात भाला. परेश, फासा टाक.

फासा पडला.

"भालो उजव्या मांडयेत. वयल्यान खाल. हाडाक लागान थांबलो."

खुर्ची फरशीवर घासली. मग ओल्या मातीत पहार घालून फिरवावी तसा एक चिकट आवाज झाला आणि परेश श्वास घ्यायला लागला, मोठमोठ्याने, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा.

कमलाक्षी धावत गेली. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. तिने ढकललं.

चौघं टेबलाभोवती बसली होती. चौघांनीही हात टेबलावर उताणे पसरून ठेवले होते, मास्तरांना नखं दाखवावीत तसे. प्रशांतच्या हाताला प्लास्टर. कोणाच्या हातात काही नव्हतं. परेशचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि त्याची पँट उजव्या मांडीवर काळी होत चालली होती. तिने गुडघे टेकून चाचपलं. कापडाला भोक नव्हतं. धागासुद्धा तुटला नव्हता. रक्त आतून येत होतं.

पेडण्याच्या डॉक्टरने दोन बोटं आत जातील एवढी जखम धुतली आणि विचारलं, कशावर पडलास? परेश म्हणाला, कुंपणाच्या सळीवर. डॉक्टरने पँट उचलली, उलटसुलट केली आणि बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सिद्धी चौकशीला आली. ती तोंडावर रुमाल धरूनच बोलायची, ह्याचं कमलाक्षीला कधीपासून नवल वाटे. आज तिने विचारलं नाही, सरळ रुमाल खाली ओढला. पुढचे दोन दात अर्ध्यात तुटले होते.

"कोण मारता गो तुमकां? माका खरां सांग."

"कोणी हात लावत नाय, काकी. म्हणान तर आमी हात टेबलार ठेवतो. मोजूक."

मग ती हळूहळू सांगत गेली. तिच्या सोंगाच्या तोंडावर गदा बसली तेव्हा सगळे घाबरले आणि खेळ बंद केला. महिनाभर कोणी जमलं नाही. त्या महिनाभर तिच्या हिरड्यांतून रक्त येत राहिलं. थेंबभरही कमी नाही, थेंबभरही जास्त नाही, पहिल्या दिवशी होतं तसंच. पुन्हा खेळायला बसले त्या दिवशी ते आटायला लागलं. चौघं जमून बसलं तरच घावाचे दिवस पुढे सरतात, म्हणून परेशही येतो. आणि बसलं की कोणालातरी नवा घाव लागतो.

कमलाक्षीने विचारलं, म्हणजे परेशचा पाय?

"येत्या आयतवारी फासो," सिद्धी म्हणाली. "पाचाच्या खाल पडलो तर..." तिने रुमाल परत वर घेतला.

त्या आयतवारनंतरचा मंगळवार म्हणजे मुंबई.

५

त्या आठवड्यात कमलाक्षीने देवळात नारळ ठेवला, डॉक्टर बदलला, नवीन गोळ्या आणल्या. जखम तशीच राहिली. ताजी. रोज सकाळी पट्टी सोडावी तर आत्ता लागल्यासारखी लाल आणि ओली, कडा मिटायचं नाव नाही. परेश भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. एकदा त्याने विचारलं, आई, बोटीवर दुसरं कोणी घेतील का माझ्या जागी? तिने नियमांचा कागद मनात वाचायला घेतला होता.

आयतवारी ती परेशला खांद्याचा आधार देऊन घेऊन गेली आणि स्वतःसाठी पाचवी खुर्ची ओढली. प्रशांतने बाजूला सरून जागा केली. गौरेशने तिच्याकडे बघितलंही नाही, कोरा कागद तिच्यासमोर सरकवला.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी सुक्या झावळ्या ओढत नेत होतं. टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड होतं. इतक्या साध्या खोलीत काही होणार नाही, असं तिचं एक मन म्हणत होतं. रक्ताला, हाडाला काहीतरी कारण असतं. कोणीतरी पायाने मारत असेल. कोणीतरी टेबलाखाली लपत असेल. तिने वाकून खाली बघितलं. पाच माणसांचे पाय आणि एक मुंगळा.

"हात," गौरेश म्हणाला.

दहा हात टेबलावर आले. तिने मोजले. गौरेशचे दोन, सिद्धीचे दोन, प्रशांतचे दोन, परेशचे दोन, आपले दोन.

"परेशचो घाव माका दी," ती म्हणाली.

परेश ओरडला, नको म्हणाला, उठायला गेला आणि पाय दुमडून परत बसला. गौरेशने डोळे मिटले. त्याने सांगितलं की मागितलेला घाव आहे तसा येत नाही, तुमचा फासा पडेल तसा येतो. कदाचित हलका. कदाचित...

"माका वाचता येता," ती म्हणाली आणि फासा टाकला.

फासा थांबला. आकडा बघून सिद्धी रडायला लागली. गौरेशने कागदावर बोट ठेवून वाचलं, आणि वाचताना त्याचा आवाज पुन्हा तसा सपाट झाला.

"डावो हात. कोपर. भायल्या बाजून."

आधी काहीच झालं नाही. मग कोणीतरी तिच्या डाव्या मनगटावर हात ठेवला.

तिने बघितलं नाही. नजर टेबलावर ठेवली आणि मोजलं. दहा. दहाच्या दहा, सगळे पसरलेले. मनगटावर अकरावा होता. तो ऊबदार होता, जरा खरखरीत, काम केलेल्या माणसाचा. त्याने मनगट दाबलं नाही. दोनदा थोपटलं, सुई टोचण्याआधी लहान पोराला थोपटतात तसं. मग दुसरा हात आला, दंडाखालून, आणि अंगठ्याने तिच्या कोपराची वाटी शोधायला लागला. घाई नव्हती. इथे? नव्हे. इथे. सापडल्यावर अंगठा तिथे टेकला.

त्या थोपटण्यानेच तिला कळलं की ह्यात राग कणभर नाही. कोणी ओरडून उपयोग नाही, कोणाच्या पाया पडून उपयोग नाही. कोणीतरी त्याला काम सांगितलं होतं, आणि ते तो नीट करत होता.

हात बाहेरच्या बाजूला वळायला लागला. आधी कातडी ताणली, मग आतला दोर तटतट करत सुटत गेला, एक एक, शिवण उसवावी तसा. आणि सगळ्यात शेवटी हाड, पांढऱ्या टोकाने कोपराच्या आतून बाहेर आलं आणि फुलाफुलांच्या कापडावर टेकलं. किंचाळायला म्हणून तिने मान वर केली, आणि त्या एका क्षणात तिला आपल्या डाव्या खांद्याशी वाकलेलं काहीतरी दिसलं. चेहरा नव्हे. ऐकणाऱ्या माणसाने जवळ आणावा तसा, तिच्या तोंडाशी आणलेला एक कान.

तिने तोंड मिटून घेतलं. फूं करून श्वास सोडला.

टेबलापलीकडे परेश आपली मांडी चाचपत होता. पँटवरून, मग पट्टीच्या आत बोट घालून. मांडी कोरडी होती.

६

परेश मुंबईला पास झाला. डॉक्टरने पायऱ्या चढायला लावल्या, उकिडवं बसवलं, मांडी नीट निरखली आणि सही केली. पंधरा दिवसांत तो बोटीवर चढला. जाताना आईच्या गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरच्या हाताकडे त्याला बघवेना. सुट्टीत सगळं सोडवतो म्हणाला. तिने त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं, की बोटीवर कोणी काही खेळायला बोलावलं तर साधे पत्ते खेळायचे. खिसे, बॅग, चपलांचे सोल, सगळं तिने एका हाताने तपासून पाठवलं होतं. नियमांचा कागद कुठे नव्हता.

शुक्रवारी म्हापशाच्या बसमध्ये गंगा मासेवाली तिच्याच शेजारी येऊन बसली. प्लास्टरकडे बघून हळहळली, आणि मग तिला राहवेना.

"आमी म्हणतच होतो मगो. मारता तो गौरेशच. बापाशीन डिचोलीक नेवक नाय तो काय उगीच? आणि तुजो हात... लोक म्हणतत तुज्या परेशान मोडलो आणि तारवार पळालो."

कमलाक्षी खिडकीबाहेर बघत राहिली. त्या घरात पोरांना मारतात, हे खरं होतं. तिच्या परेशने हात मोडला, हेही उलटं धरलं तर खरंच होतं, त्याच्याचसाठी मोडला. पण गौरेशच्या बरगड्या कोणी मोडल्या ते गंगाला माहीत नव्हतं, आणि सांगून पटलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच कमलाक्षीकडे दुसऱ्याला न सांगण्यासारखी बातमी होती.

"नाय गो," ती म्हणाली. "पोर गुणाचो. मी न्हाणयेत घसरलंय."

आयतवारी जेवण आटोपून ती गौरेशकडे गेली. जावंच लागतं. कोपराला नव्वद दिवस लिहिले आहेत, आणि बसल्याशिवाय दिवस सरत नाहीत. सिद्धी आली होती, प्रशांत आला होता. तिने एका हाताने चहा ओतला, सवयीने पाच कप. मग परेशची खुर्ची रिकामी आहे हे लक्षात आलं आणि पाचवा कप हातात तसाच राहिला.

"हात," गौरेश म्हणाला.

त्याचे दोन, सिद्धीचे दोन, प्रशांतचे दोन, तिचे दोन. तिने मोजले. पुन्हा मोजले. वर मान करायची नाही हे आता चौघांनाही ठाऊक होतं, चौघंही टेबलाच्या कापडाकडेच बघत होती. परेशच्या बाजूला दोन हात उताणे पसरले होते, खरखरीत, शांत, आपली पाळी येईपर्यंत थांबलेले.

प्रशांतची खुर्ची मागे सरकायला लागली.

"बस," कमलाक्षी त्याला हळू म्हणाली. "हय आसा ता बरां आसा. हय आसा तवसर थंय परेशाकडे जावचा नाय."

आणि तिने पाचवा कप त्या दोन हातांच्या मध्ये नेऊन ठेवला, कान आपल्या बाजूला वळवून, उचलायला सोपा जाईल असा.